मोकळ्या रेषेचा हिशेब

शंकेखोर : एका वर्गमुळासाठी लायब्ररी? दोन्ही टोकांपासूनची अंतरं एकमेकांना गुणायची, तरंगलांबीने गुणायचं, एकूण अंतराने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. झाला फ्रेनेल झोन. मी हे डोंगरावर उभा राहून वहीच्या मागच्या पानावर केलेलं आहे. त्यासाठी तू फाइल बनवलीस, तिला आवृत्ती क्रमांक दिलास, चाचण्या लिहिल्यास आणि आता म्हणतोस की गावोगावच्या पोरांनी ती वापरून वायरलेस लिंक उभ्या कराव्यात. सूत्र एका ओळीचं आणि थाट एवढा, म्हणून शंका येते. थाट पाहिला की लोक आत काहीतरी भक्कम असणार असं धरून चालतात.

हौशी : सूत्र एका ओळीचं आहे, प्रश्न एका ओळीचा नाही. दुर्बिणीतून समोरचा टॉवर दिसला म्हणजे काम झालं, असं नव्या माणसाला वाटतं. पण लहर एका रेषेतून जात नाही. रेषेभोवतीचा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा पट्टा तिला लागतो. या पहिल्या पट्ट्याच्या कडेवरून वळून गेलेली लहर सरळ गेलेल्या लहरीपेक्षा बरोबर अर्ध्या तरंगलांबीने जास्त चालते. १० किलोमीटरची लिंक ५.८ गिगाहर्ट्‌झवर असेल तर मध्यावर पट्ट्याची त्रिज्या ११.४ मीटर येते; २.४ गिगाहर्ट्‌झवर १७.७. म्हणजे दिसणाऱ्या रेषेच्या खाली चार-सहा मजल्यांची हवा रिकामी हवी. वहीच्या पानावर तुम्ही फक्त मधला बिंदू काढता, कारण पट्टा तिथे सर्वांत जाड असतो. पण अडथळा मध्यावरच यावा असा काही नियम नाही. अँटेनापासून १०० मीटरवर याच लिंकची त्रिज्या सव्वादोन मीटर आहे, आणि शेजारच्याने गच्चीवर पाण्याची टाकी चढवायला तेवढं पुरतं. दर ३० मीटरला एक बिंदू धरला तर १० किलोमीटरमध्ये सव्वातीनशेहून जास्त बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर जमिनीची उंची, पृथ्वीच्या गोलाईमुळे आलेला फुगवटा, पट्ट्याची त्रिज्या आणि उरलेली मोकळीक काढायची. माणूस हे एकदा करेल. टॉवर ३ मीटरने वाढवला तर काय, वारंवारता बदलली तर काय, दुसऱ्या टेकडीवरून काय, असं वीस वेळा करणार नाही. लायब्ररी त्या विसाव्या वेळेसाठी आहे.

शंकेखोर : बरं, सव्वातीनशे बिंदू. त्यांची उंची आणतोस कुठून? फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस फिरून रडारने पृथ्वी मोजली, ती एसआरटीएमची माहिती. फुकट मिळते म्हणून सगळे तीच घेतात. त्या मोहिमेची अटच अशी होती की दहापैकी नऊ ठिकाणी उंचीतली चूक १६ मीटरच्या आत असावी. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगली निघाली, पण सपाटीवर. उभ्या कड्यांच्या प्रदेशात काही भाग रडारच्या सावलीत राहिला. तिथे आकडेच नव्हते, ते नंतर दुसरीकडून आणून भरले. म्हणजे तुझा पट्टा साडेअकरा मीटरचा आणि जमिनीच्या उंचीत चालवून घेतलेली चूक १६ मीटरची. शिवाय ते रडार सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या लहरीचं. दाट झाडीत ती लहर जमिनीपर्यंत पोचतच नाही, वरच्या फांद्यांतूनच परतते. तुझ्या प्रोफाइलमधली ‘जमीन’ ही काही ठिकाणी २००० सालची झाडं आहेत. त्यातली काही तुटली, काही वाढली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती तर त्यात नाहीतच. अशा मातीवर उभं राहून तू दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतोस.

हौशी : दशांश स्थळं काढून टाकता येतील. पण उंचीतली ही चूक लायब्ररीने आणलेली नाही. नकाशावरच्या समोच्च रेषा डोळ्याने वाचून प्रोफाइल काढायचे तेव्हाही चूक होतीच. फक्त ती कागदावर लिहिलेली नसायची. इथे मला प्रत्येक उत्तरासोबत सांगता येतं की उंची अमुक स्रोतातून, अमुक अंतराने घेतली आहे. उंची १० मीटरने वर आणि १० मीटरने खाली सरकवून तेच गणित पुन्हा चालवता येतं, आणि निकाल त्याने उलटत असेल तर वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगता येतं. ‘मोकळीक सात मीटर’ आणि ‘मोकळीक उणे तीन ते सतरा मीटर’ यांतलं दुसरं उत्तर जास्त खरं आहे, आणि ते हाताने काढायला कुणी बसत नाही.

आणि ज्या चुकांचा तुम्ही उल्लेख केला नाहीत त्या याहून घातक आहेत. फोनच्या जीपीएसने गच्चीची उंची घेतली, तर ती बऱ्याचदा पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. एसआरटीएमची उंची मात्र समुद्रसपाटीच्या जवळपासची. भारतात या दोन शून्यांमध्ये मोठी दरी आहे, कारण आपल्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाची पातळी जगात सर्वांत खाली गेलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक ६० मीटरहून अधिक भरतो. एका टोकाची उंची फोनवरून आणि दुसऱ्याची नकाशावरून घेतली तर एक टॉवर कागदावर साठ मीटर जमिनीत जातो. दुसरी चूक एककांची. गिगाहर्ट्‌झच्या जागी मेगाहर्ट्‌झचा आकडा टाकला की ११.४ मीटरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर होते. नव्या माणसाला ३६ सेंटिमीटर हा आकडा अजिबात विचित्र वाटत नाही. उलट तो खूश होतो. अशा चुका अडवण्यासाठी सव्वादोनशे ओळी लिहिल्या तर तो थाट नव्हे. जुन्या एक्सेल शीटमध्ये कुठल्याशा रकान्यात १७.३२ असतो, कुठे ८.६६, कुठे फूट-मैलांचा ७२.१. कोणता कशासाठी हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं, आणि तो लिहिणारा निवृत्त झालेला असतो.

शंकेखोर : तो निवृत्त झालेला मीच, असं समज. एककांचं मान्य. शून्यांचंही मान्य, ती तपासणी मी हाताने कधीच केली नसती. पण आता मूळ मुद्द्यावर ये. हे सगळं करून तुझं फंक्शन शेवटी काय सांगतं? हो किंवा नाही. पट्ट्याचा साठ टक्के भाग मोकळा असेल तर हिरवं, नसेल तर लाल. हे साठ टक्के कुठून आले?

एक उदाहरण घे. तीच १० किलोमीटरची लिंक, मध्यावर एक टेकडी, रेषा तिच्या माथ्यावरून ८ मीटर उंच जाते. ५.८ गिगाहर्ट्‌झवर त्रिज्या ११.४, म्हणजे सत्तर टक्के मोकळीक. हिरवं. आता तिथेच टीव्हीच्या पट्ट्यातली ५०० मेगाहर्ट्‌झची लिंक लाव. त्रिज्या ३८.७ मीटर, मोकळीक एकवीस टक्के. लाल. पण धारदार माथ्याचं विवर्तनाचं गणित कर: त्या लालमध्ये नुकसान साडेतीन डेसिबलच्या आसपास आहे. तेवढं तर थोडी मोठी अँटेना लावून भरून निघतं. पुढे जा. टेकडी रेषेच्या १० मीटर वर आली, म्हणजे समोरचा टॉवर दिसतच नाही. ५.८ वर १५ डेसिबल जातात, ५०० मेगाहर्ट्‌झवर ९. तुझ्या नियमाने कमी वारंवारता जास्त नापास, आणि प्रत्यक्षात तीच जास्त टिकते. ज्या पोराला गावात सिग्नल पोचवायचा आहे त्याला तुझा लाल दिवा नेमक्या उलट्या दिशेला पाठवेल.

हौशी : साठ टक्क्यांना आधार आहे. अडथळ्याचा माथा रेषेला नुसता टेकला तर ६ डेसिबल जातात, म्हणजे शक्ती चौथ्या हिश्शावर येते. माथा खाली जाऊ लागला की नुकसान घटतं, आणि पहिल्या त्रिज्येच्या साधारण ५५ टक्क्यांवर ते शून्य होतं. पुढे थोडा फायदासुद्धा होतो. तो बिंदू पुढे ढकलून साठ केला. तेव्हा ‘इथपासून अडथळ्याची काळजी सोडा’ एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ‘याच्या आत लिंक चालणार नाही’ असा अर्थ नंतर वापरणाऱ्यांनी लावला. पण तुमचा आक्षेप निकालाच्या स्वरूपावर आहे आणि तो मला पटतो. फंक्शनने रंग देऊ नये, डेसिबल द्यावेत. किती शक्ती जाईल ते सांगावं आणि एकूण हिशेबात ती परवडते का, हे वापरणाऱ्याने ठरवावं. तोच कोड, दहा ओळी जास्त.

गणिताबद्दलच्या तुमच्या संशयाचं मात्र मला नवल वाटतं, कारण या विषयाचा जन्मच तशा संशयातून झाला. फ्रेनेल हा फ्रान्सच्या सरकारी रस्ते-पूल खात्यातला इंजिनिअर. १८१८ मध्ये त्याने प्रकाशाच्या विवर्तनावरचा निबंध फ्रेंच अकादमीच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांत पॉइसाँ होता. प्रकाश म्हणजे लहर, हे त्याला मान्य नव्हतं. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे चालवलं आणि दाखवलं की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा. असं हास्यास्पद काही असेल का, हा त्याचा मुद्दा. परीक्षकांपैकीच आरागोने प्रयोग करून पाहिला आणि ठिपका तिथे होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. डोळ्याला जे सुचणं शक्य नव्हतं ते गणिताने आधी सांगितलं. समोरचा टॉवर दिसतो म्हणून लिंक चालेल, हे डोळ्याचं मत आहे.

शंकेखोर : तू गोष्ट अर्धीच वापरलीस. पॉइसाँने गणित ताणून त्याच्या टोकाला नेलं, म्हणून ते तपासता आलं. आणि आरागोने जाऊन पाहिलं. या दोन कामांशिवाय फ्रेनेलचा निबंध नुसता निबंध राहिला असता. तुझ्या लायब्ररीत फ्रेनेल आहे. पॉइसाँ आणि आरागो कुठे आहेत?

पॉइसाँचं काम मी करतो. पृथ्वीचा फुगवटा तू कसा धरतोस? हवेत लहर किंचित खाली वाकते, म्हणून पृथ्वी आहे त्यापेक्षा चार तृतीयांश पट मोठी, म्हणजे जरा सपाट मानायची. हा के घटक. चार तृतीयांश ही ‘प्रमाण’ हवेची सरासरी. पण लिंक सरासरी हवेत पडत नाही, वाईट तासात पडते. ३० किलोमीटरची लिंक घे, ७ गिगाहर्ट्‌झवर, मध्यावर अडथळा. के चार तृतीयांश असेल तर फुगवटा १३ मीटर, वर त्रिज्येचे साठ टक्के म्हणजे ११, एकूण २४ मीटर. के दोन तृतीयांशावर उतरला, की फुगवटाच साडेसव्वीस, एकूण ३७. दोन्ही टोकांचे टॉवर १३-१३ मीटरने वाढवायचे की नाही, हे त्या एका गुणकावर ठरतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.५३० ही शिफारस वाच. मध्यम हवेला पहिला पट्टा पूर्ण मोकळा ठेवा म्हणते, आणि किमान के धरून पुन्हा वेगळं तपासा म्हणते. त्या दुसऱ्या तपासणीत समशीतोष्ण प्रदेशातल्या एकट्या अडथळ्याला रेषा नुसती टेकली तरी चालते. उष्ण कटिबंधात साधारण ३० किलोमीटरपुढच्या लिंकला साठ टक्के हवेतच. म्हणजे प्रदेश बदलला की कसोटी बदलते. तुझ्या फंक्शनमध्ये के लिहिला नाही तर तो किती धरला जातो?

हौशी : चार तृतीयांश.

शंकेखोर : का?

हौशी : कारण प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक प्रोग्राममध्ये तोच असतो. ज्याला के म्हणजे काय ते माहीत नाही, त्याचं फंक्शन अडून बसू नये म्हणून. जाणकार माणूस तो बदलू शकतो. एक के देण्याऐवजी यादी द्या, आणि लायब्ररी प्रत्येकासाठी मोकळीक काढून सर्वांत वाईट बिंदू दाखवेल. तुम्ही दाखवलेला २४ आणि ३७ चा फरक दाखवायला हीच जागा योग्य आहे.

शंकेखोर : जाणकार माणूस. तो शब्द लक्षात ठेव, मी परत येईन. त्याआधी समुद्र. समज, मुंबईच्या एका गच्चीवरून अलिबागच्या बाजूला लिंक टाकायची आहे. मध्ये नुसतं पाणी, १५ किलोमीटर, वारंवारता ५.८. झाड नाही, टेकडी नाही, पाण्याची टाकी नाही. मध्यावर त्रिज्या १३.९ मीटर. दोन्ही अँटेना पाण्यापासून २३ मीटरवर. फुगवट्याचे ३.३ वजा केले तरी १९.७ मीटर मोकळीक, म्हणजे एकशे चाळीस टक्के. तुझी लायब्ररी काय म्हणेल?

हौशी : नुकसान शून्य. पण तुम्ही कुठे निघालात ते मला दिसतंय.

शंकेखोर : मग बोल की.

हौशी : पाणी अडवत नाही, परावर्तन करतं. इतक्या चपट्या कोनात परावर्तित झालेली लहर उलटते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकी कला बदलते. पहिल्या त्रिज्येएवढी मोकळीक असेल तर परावर्तित लहर अर्धी तरंगलांबी जास्त चालते, अर्धी उलटण्यामुळे मिळते, दोन्ही मिळून पूर्ण. दोन्ही लहरी एकमेकींना साथ देतात. दुसऱ्या पट्ट्याची त्रिज्या पहिलीच्या १.४१ पट, म्हणजे इथे बरोबर १९.७ मीटर. तिथे परावर्तित लहर पूर्ण एक तरंगलांबी जास्त चालते, वर अर्धी उलटण्याची, आणि ती सरळ लहरीला मारते. तुम्ही अँटेना नेमक्या खड्ड्यावर ठेवल्यात.

शंकेखोर : आणि मुंबईत भरती-ओहोटी आहे. पाणी सरासरीच्या २ मीटर वर आणि २ मीटर खाली जातं असं धर. मोठ्या भरतीला त्याहून जास्त. मोकळीक १७.७ ते २१.७ मीटर फिरते, म्हणजे परावर्तनाचा बिंदू दीड पट्ट्याच्या थोडा पुढून अडीचच्या थोडा मागेपर्यंत जातो. खड्डा बरोबर मध्ये. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. चार वेळा पाणी मधल्या पातळीवरून जाणार आणि चार वेळा लिंक बसणार. रोज तो तास पुढे सरकणार, त्यामुळे तक्रार करणाऱ्याला वेळेचा नेम सापडणार नाही. लाटांमुळे परावर्तन विस्कटेल असं म्हणू नकोस. इतक्या चपट्या कोनात २ मीटरच्या लाटासुद्धा लहरीला गुळगुळीत वाटतात. ज्या ठिकाणी तुझा हिशेब सर्वांत निर्धास्त, तिथे लिंक सर्वांत बेभरवशाची. आणि ती दुरुस्त कशी होते? अँटेना खाली आणून. मोकळीक कमी करून.

हौशी : किंवा उभ्या अंतरावर दुसरी अँटेना लावून. एक खड्ड्यात असेल तेव्हा दुसरी वर असते. पण तुम्ही हे सगळं कशाने काढलंत? त्याच वर्गमुळाने. फक्त पट्ट्याचा क्रमांक एकऐवजी दोन घातलात आणि पाण्याची पातळी हलवलीत. माझ्या फंक्शनला तो क्रमांक देता येतो, पातळीची यादी देता येते. आलेख निघेल आणि खड्डे दिसतील. सूत्राला समुद्र समजतो. विचारणाऱ्याने समुद्राबद्दल विचारलं पाहिजे, इतकंच.

शंकेखोर : आता तो शब्द. जाणकार माणूस. त्याला के बदलता येतो, दुसरा पट्टा आठवतो, आणि प्रोफाइलमध्ये पाणी दिसलं की तो थांबतो. त्याला तुझी लायब्ररी आवडेल, पण त्याला ती लागतेच असं नाही. त्याच्याकडे रेडिओ मोबाइलसारखे प्रोग्राम पूर्वीपासून आहेत. तू ती कुणासाठी लिहिलीस? ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी. तो अक्षांश, रेखांश आणि वारंवारता देईल. बाकी सगळं तू धरलेलं. के तू धरलास, साठ टक्के तू धरलेस, पट्ट्याचा क्रमांक एक धरलास, झाडं शून्य धरलीस, परावर्तन नाही असं धरलंस. त्याने घेतलेला निर्णय एकच, बटण दाबण्याचा. बाकीचे पाच तू घेतलेस, त्याची टेकडी न बघता, आणि त्याला सांगितलंही नाहीस की ते निर्णय होते. मी वहीवर काढत होतो तेव्हा चुका जास्त होत असतील. पण चार तृतीयांश मी माझ्या हाताने लिहीत होतो. लिहिताना एकदा तरी वाटायचं, आज ऑक्टोबरची पहाट आहे, खाली दरीत धुकं आहे, हा आकडा खरा आहे का?

हौशी : ते वाटायला तुम्ही तिथे असायला हवे होतात, आणि तुमच्यासारखे फार थोडे आहेत. मुख्य अडचण तीच आहे. २०१८ मध्ये आपल्याकडे ५ गिगाहर्ट्‌झमधले मोठे पट्टे परवानामुक्त झाले. ती उपकरणं बाजारात सहज मिळतात. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलीच्या संशोधकांबरोबर लांब पल्ल्याच्या वायफायवर खेड्यांतली दृष्टी केंद्रं जोडली आणि गावातला रुग्ण शहरातल्या डॉक्टरला पडद्यावर दिसू लागला. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या लोकांनी टीव्हीच्या पट्ट्यातली रिकामी जागा वापरून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं. तुम्ही सांगितलेलं कमी वारंवारतेचं टिकाऊपण तिथे कामाला आलं, कारण झाडी होती. या प्रयोगांमागे विद्यापीठं होती, अभ्यासक होते. पण पुढच्या हजार गावांमागे कुणी नसेल. तिथल्या माणसासमोर तुमचा अनुभव की माझी लायब्ररी, अशी निवड नाही. त्याच्यासमोर माझी लायब्ररी की काहीच नाही, अशी निवड आहे. काहीच नाही म्हणजे दुर्बीण, अंदाज, आणि चुकीच्या जागी उभा केलेला टॉवर. त्याला के माहीत नाही म्हणून मी त्याला उत्तरच देऊ नये?

शंकेखोर : देऊ नये असं मी म्हणत नाही. ‘काहीच नाही’ हे ‘चुकीचं’ यापेक्षा नेहमी वाईट असतं, हे मात्र मला मान्य नाही. अंदाजाने टॉवर उभा करणाऱ्याला ठाऊक असतं की आपण अंदाज केला. तो आधी बांबूला अँटेना बांधून दोन दिवस बघतो. तुझा आलेख हातात आला की तो बघणं थांबवतो. लायब्ररीमुळे चुका कमी होतील, पण ज्या होतील त्या खात्रीने होतील. आणि एकाच डिफॉल्टमुळे होतील, म्हणजे हजार गावांत एकसारख्या. माझ्या वहीतल्या चुका निदान वेगवेगळ्या असायच्या.

हौशी : एकसारखी चूक एका ठिकाणी सापडली की हजार ठिकाणी दुरुस्त होते, हेही त्यात धरा. तुमच्या वहीतली चूक तुमच्या वहीतच राहिली. तरी तुमचं म्हणणं मी असं घेतो: डिफॉल्ट हा आकडा नाही, न सांगता घेतलेला निर्णय आहे. मग उपाय सरळ आहे. के डिफॉल्टमध्ये ठेवायचा नाही. फंक्शन तो मागेल आणि दिल्याशिवाय चालणार नाही. वाटेत पाणी आहे का, तेही मागेल. झाडांची उंची मागेल, शून्य चालेल, पण ते शून्य वापरणाऱ्याने स्वतः लिहायचं. म्हणजे ज्या गोष्टी मी गुपचूप धरल्या, त्यांवर त्याचा हात फिरेल.

शंकेखोर : चांगलं आहे. आता बघ काय होईल. पालघरचा तुझा माणूस फंक्शन चालवतो. ते म्हणतं, के द्या. त्याला के माहीत नाही. तो शोधतो, पहिल्याच पानावर चार तृतीयांश मिळतं, तो ते टाकतो. झाडांची उंची? शून्य. पाणी? नाही. तुझा डिफॉल्ट तसाच राहिला, फक्त आता तो त्याच्या सहीने आला. आधी निर्णय तू घेत होतास आणि जबाबदारी कुणाचीच नव्हती. आता निर्णय अजूनही तूच घेतोस, किंवा ते पहिलं पान घेतं, आणि जबाबदारी त्याच्यावर गेली. हे सुधारलं की बिघडलं?

हौशी : काही जणांच्या बाबतीत बिघडलं. पण दहातला एखादा के म्हणजे काय हे वाचत बसेल, आणि त्या एखाद्याला पुढे तुमची गरज लागणार नाही. डिफॉल्ट ठेवला तर तो एखादाही तयार होत नाही.

शंकेखोर : आणि उरलेल्या नऊ जणांचे टॉवर?

हौशी : डिफॉल्ट ठेवला तर तो मी कडक ठेवू शकतो. के दोन तृतीयांश, झाडं १५ मीटर. नऊ जणांच्या लिंक पडणार नाहीत.

शंकेखोर : नऊ जणांचे टॉवर १३ मीटरने उंच होतील. ज्या गावाला ते लोखंड परवडत नाही तिथे टॉवरच उभा राहणार नाही. आणि समुद्रावर तुझ्या कडकपणाने अँटेना आणखी वर जाईल. पाण्यावर नेमकं तेच नको असतं. सुरक्षित बाजू कोणती, हेसुद्धा जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

हौशी : म्हणजे सौम्य डिफॉल्ट ठेवला तर लिंक पडते, कडक ठेवला तर ती बांधलीच जात नाही, आणि डिफॉल्ट काढून टाकला तर निर्णय अशा माणसावर जातो ज्याच्याकडे तो घ्यायला लागणारी माहिती नाही. तिन्ही वाटांनी वर्गमूळ बरोबरच येतं. मग लायब्ररीत सुधारण्यासारखं जे उरलं ते गणितात नाही. त्या गावाचा के कुणी मोजायचा, आणि मोजलेला आकडा पुढच्या गावाला मिळेल अशा जागी कुणी ठेवायचा, हे काम उरलं.

शंकेखोर : ते काम कोडचं नाही, वर्षभर रोज सिग्नलची पातळी लिहून ठेवण्याचं आहे. चालू लिंकची रेडिओ उपकरणं ती पातळी दाखवतातच. ती जपून ठेवणारा हवा. तू तुझ्या लायब्ररीत त्यासाठी एक फंक्शन लिहिशीलही. पण वर्षभर नोंद ठेवणाऱ्याला पगार कोण देणार?

हौशी : तुम्ही वहीत लिहीत होतात तेव्हा तो कोण देत होतं?

शंकेखोर : खातं देत होतं. पण त्या वह्या खात्याने कधी मागितल्या नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा त्या माझ्याबरोबर घरी आल्या. म्हणून तुझ्यावर एवढा राग काढतो, असं म्हण हवं तर. तुझ्या फंक्शनला जो के हवा आहे तो कुठेतरी लिहिलेला होता, आणि तो मिळत नाही म्हणून तू चार तृतीयांश धरतोस.

हौशी : मग त्या वह्या द्या.

शंकेखोर : देईन. पण त्यातले आकडे ज्या टेकड्यांचे आहेत त्यांत तुझं पालघर नाही. एका दरीतला के दुसऱ्या दरीत चालतो का, हे आधी ठरव. चालत असेल तर वह्या डिफॉल्टहून बऱ्या. चालत नसेल, तर त्या म्हणजे माझ्या अक्षरातला आणखी एक डिफॉल्ट.